न चिरलेले टायर

साध्या मोटरसायकलला शर्यतीचे टायर लावून शान मारत फिरता, पण ते तापल्याशिवाय रस्ता धरत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?

आमच्या गल्लीतल्या टायरवाल्या दादाला ते पक्कं ठाऊक होतं. शर्यतीच्या मैदानावर तो टायर बदलायचा. उतरवलेला प्रत्येक टायर सुरीने चिरूनच भंगारात टाकायचा, म्हणजे कुणी उचलून रस्त्यावर वापरायला नको.

एकदा त्याचा धाकटा भाऊ तिथे आला. समोरची जोडी जेमतेम घासलेली होती.

"दादा, एवढा देखणा माल चिरतोस? काळीज आहे की दगड?"

"अरे, हे वेगात तापले की मगच चिकटतात. तू जातोस पहाटेच्या गारठ्यात दूध टाकायला."

"मग दूधच तापवून नेतो! आण इकडे."

दादाला हसू फुटलं आणि त्याने सुरी खाली ठेवली.

थंडी पडली तशी पुलाजवळच्या वळणावर गाडी घसरली आणि भाऊ जागीच गेला. लोक म्हणाले, वेगाचा माज नडला. साफ खोटं! तो सावकाशच चालला होता, म्हणून तर टायर थंड राहिले. दादाने स्वतः जाऊन हे भावाच्या बायकोला सांगितलं. नवऱ्यावरचा डाग पुसला, पण तिने दादाच्या तोंडावर दार लावलं, ते आजवर उघडलेलं नाही.

तुमच्या घरात कुणाच्या गाडीला असे टायर असतील, तर हात जोडतो, आजच काढायला लावा.