आईच्या जागी आलेली मावशी

लातूरच्या एका शिकवणीने पालकांसाठी मोबाईलचं अ‍ॅप बनवलं होतं. ते वापरून बघायला निरनिराळी माणसं गोळा करणं माझं काम. ते मला चांगलं येतं. नांदेडचे नोकरदार वडील, देगलूरचे दुकानदार, वसतिगृहातली मुलं, सगळे मी भराभर मिळवले. राहिल्या त्या आया. मुलाच्या शिकवणीसाठी गाव सोडून लातुरात खोली घेऊन राहणाऱ्या, त्याला करून घालणाऱ्या. त्यांना मी सोयीचं म्हणून शिकवणीच्याच ऑफिसातून फोन लावले.

औशाकडच्या एका मुलाची आई म्हणून आलेल्या बाईंनी सगळं पटापट करून दाखवलं. मला शंका आली. सहज विचारलं, "मुलगा जेवायला कधी येतो?"

त्या अडखळल्या. मग हसून म्हणाल्या, "मी मावशी हाय त्याची. शाळेवर शिकवते. बहीण म्हणाली, माझी साडी नेस अन् जा, कोण बघतंय!"

संध्याकाळी मी मावशींबरोबर खोलीवर गेलो. आई भाकऱ्या थापत होती. मला बघून तिचा हात थांबला.

"सर, पोराला खालच्या बॅचला टाकणार का?"

"छे! त्याचा काय संबंध?"

"भूकंपानंतर बी सरकारी माणसं अशीच विचारायला आलती. माझ्या बापानं काहीतरी चुकीचं सांगितलं, अन् घर लई उशिरा मिळालं. आता फोन आला तो बी शिकवणीतून. मला जमलं न्हाई तर लेकराचं कशाला नुकसान?"

मला स्वतःची लाज वाटली. बोलावणाराच जर मुलाची बॅच ठरवणारा असेल, तर कुठली आई मोकळेपणी चुकेल? एवढी वर्षं हेच काम करून मला ते सुचलं नव्हतं.

मी तिथूनच शिकवणीच्या व्यवस्थापकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "कोणत्या आईला काय जमलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. चालेल?"

"चालेल की. अन् बॅच मार्कांवर पडते सर, आईवर कुठं?"

"बघ," मावशी बहिणीला म्हणाल्या, "उगं मला नटवून धाडलीस!"

आईने हात धुतले, पदराला पुसले, फोन घेतला. पहिल्याच पानावर अडली. "हे काय मागायलंय?"

अशा वेळी गप्प राहायचं, मदत करायची नाही, असा आमच्या कामाचा नियम आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. "परीक्षाच घ्यायलाव की तुम्ही."

मी नियम सोडला. "पासवर्ड मागतोय. पण तो कळला नाही, ही चूक अ‍ॅपची, तुमची नाही. ती मी लिहून घेतो."

"म्हणजे मी चुकले तर चालतंय?"

"जितक्या चुकाल तितकं बरं."

"मग बसा," ती म्हणाली, "वेळ लागंल."