लागल्या म्हणून सांगितलेल्या फांद्या

सत्तरच्या सुमारास आम्ही पंचवटीत भाड्यानं राहायचो. अंगणात आईचा गुलाब होता. येवल्याचं माहेरचं घर विकलं गेलं, त्या दिवशी तिथली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं एसटीनं आणली होती. माहेरचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. आणि नेमका तिथंच घरमालकांना संडास बांधायचा होता. जुनं झुडूप मुळासकट हलवण्यासारखं नव्हतं. पण माणूस भला. त्याच्या कापून लावलेल्या फांद्या लागेपर्यंत कुदळ मारणार नाही म्हणाले.

आईनं पेन्सिलीएवढ्या जाड सहा फांद्या तिरक्या कापल्या, तेलाच्या डब्यात खोचल्या, वरच्या टोकांना शेणाचे गोळे लावले. तेवढ्यात त्र्यंबकहून मावशी आजारी असल्याचा निरोप आला. मुळं धरल्याशिवाय मालकांना हो म्हणायचं नाही, असं मला बजावून ती गेली.

मला कुठला आलाय धीर! कॉलेजातून आले की आधी डबा. सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत. जीव नुसता टांगणीला. गवंडी रोज चौकशी करून जायचा, मालक येता-जाता आमच्या दाराकडे बघायचे, त्यानं तर मी आणखीच कावायची. पंधराव्या दिवशी चार फांद्यांना लालसर पानं फुटली. झालं! मी तशीच मालकांकडे गेले, फांद्या लागल्या म्हणून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? पानं दिसताहेत की, असं मीच त्यांना फटकारलं. दुसऱ्या दिवशी झुडपाच्या जागी खड्डा.

आठवड्यानं आई आली तोवर पानं मलूल झाली होती. खांद्यावरची पिशवी न उतरवता तिनं एक फांदी उपसली. खालचं टोक काळं, मुळाचा पत्ता नाही. फांदी अंगातल्या ओलीवर पानं काढते, मुळं मागून येतात, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. तिनं सहाही उपसल्या.

"मालकांना हो कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. त्यांनी आपणहून खणलं."

त्यानंतर आई मालकांशी बोलली नाही. त्यांनी नर्सरीतून आणलेलं रोप तिनं दारातूनच परत पाठवलं. त्यांनी मात्र एकदाही माझं नाव सांगितलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

काही वर्षांनी ते वारले. दोन दारं सोडून घर, तरी आई गेली नाही, तांदूळ निवडत बसली. जा गं एकदा, मी म्हणाले. ती मान वर न करता म्हणाली, "त्यांनी माझं माहेर उपटलं."

मी तेव्हाही सांगितलं नाही.