रिकामी पाटी

मासळी बाजारात बांगड्यांचा वास आला की मला शाळेचा हॉल आठवतो. तिथे एकही मासा नव्हता.

वीसेक वर्षांपूर्वी तिथे आमच्या नाटकाची तालीम चाले. नट मोकळे व्हावेत म्हणून मी त्यांना संहितेशिवाय, सुचेल तसा प्रसंग करायला लावायचो. एकाला डॉक्टर केलं, एकीला राणी. मग रेश्माचा नंबर आला. ती सकाळी आईसोबत बाजारात बसायची. मी म्हटलं, "तू मासे विक."

"सर, ह्यां तर मी रोजच करतंय," ती हळूच म्हणाली. "माका दुसरां कायतरी दिया."

"अगं, म्हणूनच खरं वाटेल!"

तिने डोक्यावरची नसलेली पाटी उतरवली, ओढणीला हात पुसले आणि हाळी दिली. हॉल टाळ्यांनी दणाणला. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पाटीपासून दोन तास लांब राहायलाच ती येत होती, हे मला फार उशिरा कळलं.

आज बाजारात ती समोरच बसली होती. मी बांगड्यांचा भाव विचारला. पाटीवरचं फडकं सारत ती हसली.

"घेवा सर. आज खरे आसत."