मुखवट्यांचा नाच आणि मोला

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला असताना आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला एक तिबेटी बाई सांभाळायच्या. मुलगी त्यांना मोला म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. त्या पूर्वी दार्जिलिंगला राहिलेल्या, त्यामुळे माझ्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायच्या. मी लॅबमधून साडेसहाला पोचायचे तेव्हा लेक न्हाऊन-जेवून तयार असायची. सगळं आयतं मिळत होतं, आणि तेच मला खुपायचं.

त्या फेब्रुवारीत त्यांच्या नव्या वर्षाआधीचा सण होता. कर्नाटकातल्या मठातले भिक्षू अमेरिकेच्या दौऱ्यावर आले होते आणि एका चर्चच्या हॉलमध्ये मुखवटे घालून नाचणार होते. सरत्या वर्षाची पीडा म्हणे त्या नाचानं जाते. मोलांनी फार आग्रह केला, म्हणून बर्फातून गाडी काढून मी लेकीला घेऊन गेले.

हॉलमध्ये शिरताच लेकीनं बूट काढले, हात जोडले आणि तीनदा जमिनीला डोकं टेकवलं. घरी देवासमोर नमस्कार कर म्हटलं की हीच पाठ फिरवते. मी लोकांदेखत हसले, पण आतून नुसती जळत होते.

लांबलचक कर्णे घुमायला लागले. जरीचे झगे घातलेले भिक्षू संथपणे गिरक्या घेत होते. मी मोलांना काही विचारायला तोंड उघडलं की मधे बसलेली लेक म्हणायची, "मम्मी, श्श." हरणाचा मुखवटा कुठला, रागावलेल्या देवाचा कुठला, हे तिला सगळं ठाऊक. माझी पोर या बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत पळवली, असंच मला वाटत होतं.

मग शिंगांचा, डोळे वटारलेला एक मुखवटा नाचत नाचत थेट आमच्यासमोर आला. लेक किंचाळली. मी दोन्ही हात पसरले. ती वळली आणि मोलांच्या मांडीत शिरून त्यांच्या तिबेटी पोशाखावरच्या एप्रनमध्ये तोंड लपवून बसली.

मोलांनी तिला हळूच माझ्याकडे ढकललं. "जाओ, मम्मी के पास जाओ." ती जाईना. त्या बाईंनी माझी कीव केली, हे मला जास्त झोंबलं.

पार्किंगमध्ये मी मोलांना म्हणाले, "अब ये डे-केअर जाएगी." त्यांनी लेकीच्या कानटोपीचे बंद नीट बांधले आणि "ठीक है" म्हणाल्या. खरं तर तोवर मी काहीच ठरवलेलं नव्हतं. पुढचा आठवडाभर फोन करकरून कशीबशी जागा मिळवली.

डे-केअरमध्ये ती महिनाभर रडली. रडताना ती मला हाक मारते का, असं मी तिथल्या टीचरला रोज विचारायचे. एकदा ती गोरी टीचर मोठ्या कौतुकानं म्हणाली, अहो, दिवसभर मोला, मोला करत असते, मोला म्हणजे तुमच्या भाषेत आई ना?

मी हो म्हणाले.