वहिनीचा आळस

आज सकाळी वहिनी कोथिंबीर निवडता निवडता थांबली आणि ओट्याला धरून डोळे मिटून उभी राहिली. मी मुकाट्याने खुर्ची पुढे केली. पूर्वी मी म्हणायचे, "वहिनी, जरा हातपाय हलव, म्हणजे तरतरी येईल."

मणक्याच्या ऑपरेशननंतर कितीतरी वर्षं ती अफूच्या जातीतल्या वेदनाशामक गोळ्या घेत होती. दुखणं थांबलं, पण ती कोमेजत गेली. घरात आम्ही त्याला आळस म्हणायचो. मग एकदा साध्या तापात ती कोसळली.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "ताण आला की मेंदूच्या हुकमाने शरीर कॉर्टिसॉल नावाचं, बळ देणारं हार्मोन सोडतं. या गोळ्यांनी मेंदूचा तो हुकूमच दाबून टाकलाय. यांना उठायला बळ येणार कुठून?"

ताणाला आपण शिव्या घालतो, आणि त्याच्याच जोरावर रोज अंथरुणातून उठतो.

दादा खाली बघत राहिला. वहिनी मात्र हसली. "म्हणजे मी आळशी नव्हते," ती म्हणाली. "डॉक्टर, तेवढं लिहून द्या. घरी दाखवायला लागेल."

त्यांनी गोळ्यांबद्दल लिहून दिलं. तिच्याच हातचा चहा पीत आम्ही तिला रोज काय बोलत होतो, ते कुठल्या तपासणीत दिसणार?