रुमाल टाकलेली जागा

सुमनअक्का गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम वर्षाच्या मुलींना लंबकाचा प्रयोग समजावून देत होते. कॉलेजचा शिपाई प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, "मॅडम, धुळ्याहून फोन होता..." एवढेच बोलला आणि पुढचे वाक्य त्याने माझ्यावर सोडले. मी मुलींना निरीक्षणे पूर्ण करायला सांगितली, हात धुतले आणि जळगावच्या बसस्थानकाकडे निघाले. मी फार शांतपणे वागले असे नंतर सगळे म्हणाले. खरे पाहता तो थकवा होता. या बातमीच्या भीतीत आमचे घर इतकी वर्षे राहत होते, की ती प्रत्यक्ष आली तेव्हा हादरून जाण्याइतकी शक्ती कोणाच्याच अंगात उरली नव्हती.

सुमनअक्का माझी मावसबहीण, वयाने माझ्याहून बरीच मोठी. लहानपणच्या एका तापात तिच्या हृदयाची झडप कायमची दुखावली होती. जिना चढताना ती मध्येच थांबे आणि कोणी पाहते आहे असे वाटले, तर भिंतीवर नसलेल्या चित्राचे कौतुक करू लागे. धुळ्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाची ती अधीक्षिका होती. यावल, भडगाव, जामनेरकडून शिकायला आलेल्या मुली तिला अक्काच म्हणत. या मुलींच्या वयाच्या वाचकांसाठी गेली काही वर्षे ती एक कादंबरी लिहीत होती. तिच्यात माणसांमध्ये माणसांसारखेच वावरणारे, कोणाच्या डोळ्यांना न दिसणारे राखणदार होते. अक्का त्यांना 'पाठराखे' म्हणायची.

त्या कादंबरीचा उगम मला नक्की ठाऊक आहे, कारण मी तिथे होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अक्का मला जळगावहून धुळ्याला नेत होती. एसटी खचाखच भरलेली. आमच्या पुढच्या बाकावर खिडकीतून कोणीतरी एक चौकटीचा रुमाल टाकून जागा धरून ठेवली होती, पण धरणारा काही आला नाही. एरंडोलला एक म्हातारी चढली आणि तिथे बसू लागली, तर धरणारा येतोच आहे अशा खात्रीने शेजारचा गृहस्थ म्हणाला, "आजी, जागा धरेल शे. माणूस ई रायना."

"कोठून ई रायना? चालती गाडीमा उडी मारीसन?" म्हातारीने विचारले. सगळी गाडी हसली. तरीही रुमाल कोणी उचलला नाही. म्हातारीला दुसऱ्या एकाने उठून जागा दिली, पण रुमालाची जागा धुळ्यापर्यंत तशीच राहिली, आणि माणसे दांड्याला लोंबकळत उभी राहिली. टाकलेल्या रुमालाचा मान आपल्याकडे असा असतो. मी अक्काला सांगितले, की त्या माणसाने चुकीच्या गाडीत रुमाल टाकला असणार, शेजारीच अमळनेरची गाडी लागली होती.

"किंवा तो आला असेल," अक्का म्हणाली, "आणि बसलाही असेल. आपल्याला दिसत नसेल."

धुळ्याला उतरताना तिने तो रुमाल उचलून पर्समध्ये ठेवला. मालक भेटला तर देऊ, म्हणाली. पुढे कादंबरीचे कागद ती त्याच रुमालात बांधून ठेवत असे.

पाठराख्यांचे जग तिने आपल्याकडच्या सरकारी खात्यासारखे रचले होते. त्यांची नेमणूक तालुकावार होई. ज्याची राखण करायची त्याला आपण ओळखू आलो, की लगेच बदली. यावलची चंदा ही तिची नायिका. चंदाचा पाठराखा रजेचा अर्ज करतो आणि 'बदली कर्मचारी उपलब्ध नाही' म्हणून तो नामंजूर होतो, या प्रकरणाला मुली पोट धरून हसत. लिहिलेले प्रत्येक प्रकरण अक्का रविवारी जेवणानंतर वसतिगृहाच्या जेवणघरात वाचून दाखवी. ज्या परिच्छेदाला मुली एकमेकींच्या वेण्या घालू लागत, तो त्याच संध्याकाळी कापला जाई. समीक्षेची याहून प्रामाणिक पद्धत मी अद्याप पाहिलेली नाही.

घरात मात्र या पुस्तकाला विरोध होता. अक्काचे वडील, आम्हा सगळ्यांचे नाना, रेल्वेतून निवृत्त झालेले. धम्म स्वीकारलेल्या पिढीतले. घरातले देव त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढले होते, आणि तो प्रसंग नाना आम्हाला अभिमानाने सांगत. "आपण बठ्ठं देव-देवस्की सोडं," ते जेवताना ताटाकडे पाहत म्हणत, "आनि हाई पोर नवाच देव काढी रायनी!"

"देव नाहीत हो नाना," अक्का म्हणे, "देवांना पगार लागत नाही. हे महागाई भत्त्यासाठी भांडतात."

नाना हसू दाबण्यासाठी पाणी पीत. पण त्यांचा आक्षेप तिने हसण्यावारी नेलेला नाही, हे मला दिसत होते. आणि माझा प्रश्न त्याहून अवघड होता. पदार्थविज्ञान शिकलेली म्हणून तिने मला या जगाचे नियम तपासायला सांगितले होते. मी ते एखाद्या शोधनिबंधासारखे तपासले, आणि पाठराख्यांच्या बदल्या, त्यांच्या हद्दी, त्यांचे अदृश्य असणे, सगळे मान्य केले. शेवटी विचारले, "प्रत्येकाला एक पाठराखा असेल, तर माणसे मरतात कशी?"

तिने माझा प्रश्न कागदाच्या कडेला लिहून घेतला. मग म्हणाली, "हे उत्तर मिळाल्याशिवाय शेवटचं प्रकरण होणार नाही. आणि नीलू, मला ते लवकर मिळायला हवं."

'लवकर' या शब्दाचा अर्थ आम्हा दोघींनाही समजत होता. त्या वर्षी तिच्या पायांना सूज येऊ लागली होती, उताणे झोपले की धाप लागे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी आता शस्त्रक्रिया झेपणार नाही असे सांगितल्यावर ती परत आली आणि तिने कामावरची हजेरी तशीच चालू ठेवली. मी धुळ्याला जाई, तेव्हा आम्ही त्या एका प्रश्नावर तासन्तास बोलत असू. पाठराखे दमतात, असे ती सुचवी. मी म्हणे, मग खाते अकार्यक्षम ठरते. त्यांना मृत्यूपुढे अधिकार नाही, असे ती म्हणे. मी म्हणे, मग ते नेमके कशासाठी आहेत? ती कागद दुमडून ठेवी. शेवटच्या भेटीतही उत्तर नव्हते. वसतिगृहातल्या तिच्या खोलीत लोखंडी खाटेवर उशांना टेकून ती बसली होती, शेजारच्या खुर्चीवर तो रुमालाचा गठ्ठा. मी खुर्चीवर बसायला गेले तर तिने गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बस. तुझ्यासाठीच धरून ठेवली होती..."

आम्ही त्या दिवशी वाद घातला नाही. दोघीही फार थकलो होतो.

अक्का गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वसतिगृहाच्या मुली पांढऱ्या कपड्यांत रांगेने आल्या. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, माणसे बोलली आणि पांगली. मग नानांनी मला आत बोलावून तो गठ्ठा माझ्या हातात दिला. "मी बठ्ठं वाचं," ते म्हणाले. मग रुमालाची गाठ चाचपून म्हणाले, "देव नही शेतस त्या. पण शेवट नही शे, बेटा. पोरनं काम अर्ध रायनं." आयुष्यभर कामाची पाळी पुरी केल्याशिवाय घरी न आलेल्या माणसाला मुलीच्या मरणाइतकेच हे अर्धवट राहणे सोसवत नव्हते. मी कागद पाहिले. चंदाची आई इस्पितळात असते, चंदा धावत जिन्यावरून वर जाते, आणि तिथे अक्षरे संपतात.

"शेवट आहे, ताई," दारातून आवाज आला. भडगावची रेखा, बारावीतली. "लिहिला नाही. शेवटच्या रविवारी अक्कांनी आम्हाला तोंडी सांगितला."

तिने तो उभ्याउभ्याच सांगितला. चंदाची आई जाते. चंदा आपल्या पाठराख्यावर ओरडते, तू असून ती गेली कशी? तो म्हणतो, वाचवायचे काम आम्हाला कधी दिलेलेच नव्हते. शेजारची जागा रिकामी राहू द्यायची नाही, एवढाच हुकूम आहे. मग चंदा परतीच्या एसटीत चढते. एका एकट्या बाईच्या शेजारी रुमाल टाकलेला असतो. चंदा तो उचलते आणि तिथे बसते.

"म्हणजे ती पाठराखी झाली?" मी विचारले.

"अक्का म्हणाल्या, तुम्हीच ठरवा. आम्ही ठरवलं, झाली." मग रेखाचा स्वर उतरला. "त्यानंतर आम्ही अक्कांच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर पाळीपाळीने बसायचो. अक्का गेल्या त्या दुपारी माझी पाळी होती. मी नुसती बसले होते, ताई. मला काहीच करता आलं नाही..."

युक्तिवाद म्हणून अक्काचे उत्तर अपुरे आहे. माझा प्रश्न ते सोडवत नाही, त्याची जागा बदलते, आणि ती असती तर मी हे तिला ऐकवले असते. पण रेखासमोर माझ्याकडे दुसरे कोणतेही उत्तर नव्हते. मी तिला जवळ बसवून घेतले आणि नाना आमच्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळच्या गाडीने मी जळगावला परत निघाले. खिडकीशी बसले आणि गठ्ठा शेजारच्या जागेवर ठेवला. का, ते सांगता येणार नाही. गाडी भरत गेली. चौकटीचा रुमाल पाहून दोघेतिघे पुढे सरकले. मग कंडक्टरने विचारले, "ताई, आठे कोनी बठेल शे का?" त्याच्यामागे कापूस वेचून परतणारी एक बाई उभी होती. डोक्याच्या फडक्याला बोंडांच्या काड्या अडकलेल्या, डोळे मिटत आलेले.

मी गठ्ठा उचलून मांडीवर घेतला. ती बसली, आणि थोड्या वेळाने त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याम्हा काय शे?"

"पुस्तक आहे. थोडे लिहायचे राहिले आहे."

"मंग लिखी टाका ना," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपी गेली. तिला पारोळ्याला उतरायचे होते. पारोळा येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.