दगडफूल, वाळवी आणि आमची सोसायटी

गोडदेवच्या आमच्या सोसायटीत एकच झाड होतं, आंब्याचं. तळमजल्यावरच्या काकूंनी रत्नागिरीहून कलम आणून लावलेलं. तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरींना त्याच्या खोडावर राखाडी-हिरवे चट्टे दिसले आणि त्यांची झोप उडाली.

"सर, झाडाला फंगस लागलंय. उद्या भिंतीवर येईल, मग घराघरांत."

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. ते दगडफूल होतं, आपण मसाल्यात घालतो त्याचंच भावंड. बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार. सालीवर नुसतं बसतं, झाडाचं काही खात नाही, ऊन-पावसावर पोट भरतं. कुणाचंही काही न खाणारं असं दुसरं कोणी आमच्या सोसायटीत असल्याचं मला आठवत नाही.

त्याच वेळी खोडाच्या मागच्या बाजूने मातीची एक बारीक नळी वर चढत होती. वाळवी. ही शिस्तीची. उजेडात येत नाही, आवाज करत नाही, अंगावर मातीचं छप्पर घेऊन मुकाट्याने पोखरते. अशा सभासदाविरुद्ध मीटिंगमध्ये कोण बोलणार? आमच्याकडे दिसतो तोच रोग.

ठराव झाला: खोड तारेच्या ब्रशने घासायचं, ॲसिडने धुवायचं आणि वर गेरू-चुन्याचे पट्टे. "सरांची सही असली की लोकांना पटतं," असं म्हणत सेक्रेटरींनी कागद माझ्यापुढे सरकवला. मला नेमकी तेव्हाच गेटजवळ स्कूटरला जागा हवी होती. सही केली. जागा मिळाली. त्या सहीची लाज आजही वाटते, पण स्कूटर तिथेच लावतो.

दगडफूल एका सकाळीत निघालं. सोललेल्या खोडात वाळवीला आयती वाट मिळाली, आणि तिच्या नळ्या गेरूत अशा मिसळून गेल्या की सेक्रेटरी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "बघा, झाड कसं क्लीन झालंय!"

गेल्या मे महिन्यात ते वाळलेलं झाड कापलं. ओंडका आतून भुसभुशीत निघाला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"सर, सही केलीत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणालो.

"आणि मी सगळ्यांना सांगत होते," त्या म्हणाल्या, "की सरांची चूक झाली असेल."